इटली बघायची तर पायी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण परदेशच्या सहलींवर दोन पानं दिली होती. इटलीच्या चौकटीत शेवटी एक सल्ला होता. तिथली गावं टेकड्यांवर वसलेली असल्यामुळे साठीपुढच्या माणसांनी चालायच्या फंदात पडू नये, बसच्या सहलीनेच जावं. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. इटली मी बसमधून पाहिली आहे आणि पायीही पाहिली आहे. म्हणून हा सल्ला खोडून काढायचा हक्क मला आहे असं वाटतं. पत्र लांबलं तर दोन भागांत छापा, पण छापा.

बसची सहल सात वर्षांपूर्वीची. हे आणि मी, दोघंही शाळेतून निवृत्त झालो होतो. अकरा दिवस, सहा देश. इटलीच्या वाट्याला त्यातले तीन आले. पिसाच्या कलत्या मनोऱ्यापाशी चाळीस मिनिटं मिळाली, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. फ्लॉरेन्सला दुपारी उतरलो आणि दिवे लागायच्या आत परत बसमध्ये. जेवायला रोज हमरस्त्यालगतच्या हॉटेलात डाळ आणि जिरा भात. कंपनीने जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं, तक्रार ती नाही. पण सिएनाच्या बाजूने रोमकडे जाताना खिडकीतून एक पांढरी वाट दिसली. कडेला सायप्रसची उंच झाडं, आणि पाठीवर पिशव्या घेतलेली चार माणसं एकामागे एक चाललेली. त्यातली एक बाई माझ्याच वयाची असावी. मार्गदर्शकाला विचारलं तर तो म्हणाला, यात्रेकरू आहेत, रोमला निघालेत. तेवढ्यात बस वळली. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. ती माणसं उन्हात चालत होती आणि मी गार काचेमागून त्यांच्याकडे बघत होते, ही गोष्ट मला सात वर्षं टोचत राहिली.

त्या वाटेचं नाव व्हिया फ्रान्चिजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीपासून फ्रान्स, स्वित्झर्लंड ओलांडून ती रोमला जाते, साधारण दोन हजार किलोमीटर. इ.स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परत निघाला तेव्हा वाटेतल्या ७९ मुक्कामांची नावं टिपून ठेवली गेली. तो कागद टिकला आणि त्यावरून आजची वाट बांधली गेली. १९९४ मध्ये युरोपच्या परिषदेने तिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. ही सगळी वाट चालायला तीन महिने हवेत, पण तसं कुणी बंधन घातलेलं नाही. कुणी चार दिवस चालतं, कुणी दरवर्षी थोडी थोडी. दिवसभराच्या चालीला इटालियन भाषेत 'ताप्पा' म्हणतात. जाऊबाईंना हा शब्द पहिल्यांदा ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, मग त्यांना टप्पा कळतो म्हणायचा.

आम्ही तिघी गेलो. मी, माझ्या धाकट्या जाऊबाई आणि छत्रपती संभाजीनगरला नोकरी करणारी भाची. ह्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ते घरी थांबले. जाऊबाई गावाकडे शेती बघतात, शाळा सातवीपर्यंत, आणि वाऱ्या सात. कागदपत्रं, तिकिटं, मोबाइलवरचा नकाशा हे भाचीने सांभाळलं. पण चालायचा बेत जाऊबाईंनी आखला, आणि सांगायचं आहे ते इथेच. पायी प्रवासाचा बेत आखायला जे ज्ञान लागतं ते आपल्या गावोगावच्या दिंड्यांत पडून आहे. त्यासाठी परदेशी पुस्तक लागत नाही.

भाचीने नकाशा ओसरीवर पसरला आणि टप्पे वाचून दाखवले. सान मिनिआतो ते गाम्बास्सी तेर्मे चोवीस किलोमीटर, तिथून सान जिमिन्यानो तेरा, पुढे मोंतेरिज्जोनी तीस, मग सिएना वीस. जाऊबाईंनी पहिला टप्पा तिथेच छाटला. पहिल्या दिवशी शरीर बिचकलेलं असतं, विमानाचं जागरण असतं, त्या दिवशी तीन-चार कोसांच्या वर जायचं नाही. म्हणून आम्ही गाम्बास्सीहून सुरुवात केली. फ्लॉरेन्सहून रेल्वेने कास्तेल्फिओरेंतिनोला उतरायचं, तिथून टेकडीवर गाम्बास्सीला बस जाते. तीस किलोमीटरचा टप्पा त्यांनी कोल्ले नावाच्या गावात मोडून दोन केले. सिएनाला दोन रात्री ठेवल्या, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी पाय आराम मागतात. आणि सान क्विरिको ते रादिकोफानी हा बत्तीस-तेहेतीस किलोमीटर चढाचा टप्पा बेतातून काढूनच टाकला. भाची हिरमुसली. जाऊबाई म्हणाल्या, "बाई, आपण वाट बघायला चाललोय, वाटेला हरवायला नाही."

ओझ्याचंही तसंच. दिंडीत सामान ट्रकमध्ये असतं आणि वारकऱ्याच्या खांद्यावर पताका नाहीतर पाण्याची बाटली. टस्कनीतही, म्हणजे फ्लॉरेन्स-सिएनाच्या या प्रांतातही, मोठी बॅग पुढच्या मुक्कामाला पोचवणाऱ्या गाड्या मिळतात, आधी ठरवावं लागतं. पाठीवर पाच-सहा किलोंपेक्षा जास्त घेऊ नये. बूट नवे नकोत, निदान दोन महिने पायात घातलेले हवेत. आम्ही जूनपासून दर रविवारी चालत होतो. आधी येडशीच्या रामलिंगाच्या घाटात, मग पाठीवर वजन घेऊन, आणि श्रावणात एकदा धाराशिवहून तुळजापूर. पहाटे चारला निघालो, वाटेत दोनदा पाऊस लागला, अकराच्या सुमाराला देवीच्या दारात. ते बावीस-पंचवीस किलोमीटर ज्याला जमले त्याला टस्कनी जमते. कोजागरीला आपल्या भागातली किती माणसं याहून दुप्पट चालून तुळजापूर गाठतात! त्यात साठीच्या पुढचीही असतात. त्यांना आपली पुरवणी कशी काय सांगते की तुम्हाला चालवणार नाही?

महिना नीट निवडावा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आपल्या चैत्राची आठवण यावी असं ऊन असतं, आणि १५ ऑगस्टच्या आसपास त्यांची मोठी सुट्टी असल्यामुळे लहान गावांतली दुकानं बंद असतात. नोव्हेंबरात पाऊस. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाललो. द्राक्षांची तोडणी चालू होती, ऑलिव्ह अजून हिरवी होती. एकच सांगते. शरद ऋतूत तिथे शिकारीचा हंगाम सुरू होतो, रानात बंदुकीचे आवाज येतात. अंगावर भडक रंग असू द्यावा आणि वाट सोडून झाडीत शिरू नये.

व्हिसाची धास्ती फार घेतली जाते. शेंजेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मोठ्या माणसाला फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा आकार. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. पायी जाणाऱ्याला एक अडचण येते. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा मागतात, आणि आपले मुक्काम रोज नव्या गावात. म्हणून खोल्या आधीच धराव्यात. जाऊबाईंच्या नावावर पगाराची पावती नव्हती. सातबारा, बँकेचं खातं आणि सोयाबीनच्या आडत पट्ट्या जोडल्या. व्हिसा मिळाला. शेतकऱ्यांनी या कारणाने मागे राहू नये.

निघण्याआधी यात्रेकरूचं कार्ड घ्यावं, त्याला 'क्रेदेन्त्सियाले' म्हणतात. चर्च, मठ, उपाहारगृह, जिथे टेकाल तिथे त्यावर शिक्का मारून मिळतो. त्या कार्डावर यात्रेकरूंच्या धर्मशाळांत स्वस्तात खाट मिळते, काही ठिकाणी ठरलेला दरच नाही, जमेल ते पेटीत टाकायचं. शेवटचे निदान शंभर किलोमीटर चालून रोमला पोचणाऱ्याला तिथे प्रमाणपत्रही देतात. आम्ही रोमपर्यंत चाललो नाही, त्यामुळे ते आमच्याकडे नाही. शिक्क्यांचं कार्ड मात्र जाऊबाईंनी देवघरात, वारीच्या माळेशेजारी ठेवलं आहे.

वाट चुकायची भीती नको. झाडावर, खांबावर, दगडावर पांढरे-लाल पट्टे असतात, कुठे पाठीवर पिशवी घेतलेल्या यात्रेकरूचं छोटं चित्र. वाटेचा बराच भाग म्हणजे सरळ सरळ आपल्या पांदणी आहेत. पांढऱ्या खडीच्या, दोन वावरांच्या मधून, बांधाला लागून जाणाऱ्या. त्या शेतांना मालक आहेत, कुंपणं आहेत, तरी वाट मोकळी आहे. आमच्या गावच्या पांदणीत दोन्ही बाजूंनी नांगर घुसून घुसून आता बैलगाडीही जात नाही. हा विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन.

सान जिमिन्यानो लांबूनच दिसतं. गावातल्या श्रीमंत घराण्यांनी मध्ययुगात एकमेकांवर चढ करण्यासाठी उंच दगडी मनोरे बांधले. असे ७२ होते म्हणतात, आज १४ उभे आहेत. १९९० पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे. दुपारी बारा ते चार गल्ल्यांतून पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे बसचे प्रवासी. पाचला बसगाड्या गेल्या आणि गाव गावकऱ्यांचं झालं. म्हाताऱ्या खुर्च्या बाहेर काढून बसल्या, पोरं विहिरीच्या चौकात चेंडू खेळायला आली. पायी आलेला माणूस रात्री तिथेच राहतो, म्हणून त्याला हे गाव मिळतं. बसवाल्याला नुसते मनोरे मिळतात.

दुसऱ्या दिवशी वाटेत एक आजी परसात अंजिरं काढत होत्या. जाऊबाई थांबल्या, वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं. आजींनी ते पाहिलं आणि बोलायला लागल्या, इटालियनमधून. जाऊबाई मराठीतून. पाऊस कमी झाला, इकडे दाखवून, तिकडे दाखवून. भाचीने मोबाइल काढला भाषांतरासाठी, दोघींपैकी एकीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. निघताना ओंजळभर अंजिरं मिळाली.

टस्कनीत माळावर एकेकटी दगडी घरं दिसतात, ती एवढी मोठी आणि एवढी सुटी का, हे मला वाचल्यावर उमगलं. तिथे शेकडो वर्षं बटईची शेती होती. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मं निम्मं. बटईदाराचं सगळं कुटुंब, तीन भाऊ, त्यांची बायकापोरं, त्या वावरातल्याच घरात राहायचं, खाली गुरं आणि वर माणसं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. माणसं कारखान्यांकडे गेली, घरं ओस पडली. मग १९८५ मध्ये शेतघरांत पाहुणे ठेवण्याचा कायदा झाला आणि त्यातली पुष्कळ घरं पुन्हा उघडली. आम्ही दोन रात्री अशा घरांत राहिलो. ज्या खोलीत झोपलो तो पूर्वी गोठा होता, दगडी गव्हाण तशीच ठेवलेली. बटई म्हणजे काय हे ज्याच्या घराण्याने भोगलं आहे, त्याला त्या खोलीत झोप लवकर येत नाही.

मोंतेरिज्जोनी म्हणजे टेकडीच्या माथ्यावर दगडी तटाचं गोल कडं. सिएनाने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला बांधलेलं. कवी दान्तेने नरकातल्या राक्षसांना या तटावरच्या बुरुजांची उपमा दिली आहे. आमचा परांडा किंवा नळदुर्ग ज्याने पाहिला आहे त्याला तट लहान वाटेल, पण संध्याकाळी तटावरून उद्याची वाट दिसते.

आणि सिएना. या शहराला किमान एक पूर्ण दिवस द्या. नगरपालिकेच्या जुन्या वाड्यात, जिथे नऊ कारभारी बसून शहर चालवत, त्या दालनाच्या भिंतींवर आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये चांगला कारभार आणि वाईट कारभार यांचे परिणाम रंगवले आहेत. वाईट कारभाराच्या भिंतीवर जळकी गावं, ओसाड रानं, रस्त्यावर फक्त शस्त्रं घेतलेली माणसं. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर शहरात बांधकाम चाललेलं, दुकानं उघडी, माणसं फेर धरून नाचणारी. वेशीचा दरवाजा सताड उघडा आणि त्यातून माणसं शेताकडे जाणारी, शेतातून धान्य लादलेली जनावरं शहराकडे येणारी. कापणी, मळणी, नांगरट सगळं एकाच चित्रात. देव नाही, राजा नाही. कारभाऱ्यांनी मान वर केली की समोर हे दिसायचं. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण एवढा मोठा फळा मला कधी मिळाला नाही. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक सभागृहात असं चित्र असावं, आपल्या रानांचं, आपल्या मोंढ्याचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोर्ता रोमाना या दक्षिणेच्या वेशीतून बाहेर पडलो आणि त्या चित्रातच चालायला लागलो. तशीच वेस, तशीच उताराची वाट, समोर तशाच गोल टेकड्या नांगरून ठेवलेल्या. बसने आलेल्याला चित्र बघायला मिळेल, पण चित्रातून चालत जायला मिळणार नाही. संपादकसाहेब, माझ्या पत्रातलं एक वाक्य ठेवून बाकी सगळं गाळायचं असेल तर हे ठेवा.

सिएनातल्या आणखी दोनच गोष्टी. मुख्य चर्चसमोर सान्ता मारिया देल्ला स्काला नावाची जुनी वास्तू आहे. वाटसरू, आजारी, टाकून दिलेली बाळं, सगळ्यांना आसरा देणारं मध्ययुगीन इस्पितळ, आता संग्रहालय. यात्रेकरूंच्या दालनात पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, त्यात एका जखमी माणसाला धुऊन-पुसून पट्टी बांधताना दाखवलं आहे. जाऊबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसरी गोष्ट संत कॅथरीनची. १३४७ मध्ये जन्मलेली रंगाऱ्याची लेक, तेहेतीस वर्षांचं आयुष्य. पोपला आणि राजांना पत्रं धाडून खडसावणारी, पोपने फ्रान्समधून रोमला परत यावं म्हणून हटून बसलेली. तिची गोष्ट सांगितल्यावर जाऊबाईंनी गंगाखेडच्या जनाबाईंचं नाव काढलं. त्या दोघींमध्ये काळाचं अंतरही फारसं नाही.

सिएनाच्या पुढे जमीन बदलते. चिकण मातीच्या राखाडी टेकड्या, गहू काढून नांगरलेल्या, जिकडे तिकडे ढेकळं. दुपारी पाऊस आला आणि ती माती बुटाला अशी धरली की आपली काळी जमीन मृगात धरते तशी. पाऊल उचलावं तर किलोभर चिखल बरोबर. भाची दोनदा घसरली. जाऊबाई साडीतच चालत होत्या, खाली बूट. त्यांनी ओचा खोचला, बांधाच्या गवतावरून तिरकं चालायला लावलं आणि आम्हाला पोंते दार्बियापर्यंत नेलं. पंचवीस-सव्वीस किलोमीटरना साडेनऊ तास लागले. दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटरवरच्या ब्वोनकोन्वेंतोपर्यंत चालून आम्ही सरळ बस धरली आणि सान क्विरिकोला उतरलो. वारीतही थकलेला माणूस ट्रकमध्ये बसतो आणि पुढच्या मुक्कामाला दिंडीत मिसळतो, त्याची वारी मोडत नाही. पायी बेत करणाऱ्यांनी वाटेवरच्या बस आणि रेल्वेच्या वेळा खिशात ठेवाव्यात. प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर दंड होतो.

सान क्विरिकोहून पुढे ओर्चा नदीचं खोरं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथून पाचेक किलोमीटरवर बान्यो विन्योनी नावाचं टिकलीएवढं गाव आहे. गावाच्या चौकात फरशीऐवजी गरम पाण्याचं कुंड आहे, भोवतीने घरं. त्या चौकातल्या कुंडात उतरू देत नाहीत, पण खाली उतारावर ओहोळात पाय सोडून बसता येतं. आम्ही शंभरेक किलोमीटर चाललेले पाय तासभर त्या पाण्यात सोडून बसलो.

खाण्याबद्दल, कारण शाकाहारी माणसं याच धसक्याने डाळ-भाताच्या सहलीला पैसे भरतात. टस्कनी हा गरीब कुळांच्या स्वयंपाकाचा मुलूख आहे. 'रिबोल्लीता' म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट कोबीची पानं एकत्र शिजवलेलं दाट कालवण. जाऊबाईंनी पहिल्या घासाला ओळखलं, शिळ्या भाकरीचाच काला आहे. तिथला पाव अळणी असतो, त्याला आमची शेंगदाण्याची चटणी फार चांगली लागली. 'पीची' नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया लसूण-टोमॅटोत मिळतात. 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा, आणि सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना हे आवर्जून विचारा. कट्टर शाकाहारी असाल तर पार्मेजान चीज टाळा, ते वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, म्हणून पिशवीत काहीतरी असावंच. धपाटे पहिले तीन दिवस पुरले. पेढे आणि तूप मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत.

खर्च विचारतील म्हणून सांगते. विमान, व्हिसा, विमा, रेल्वे, राहणं, खाणं, सगळं धरून पंधरा दिवसांना माणशी एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास आला. बसच्या सहलीला सात वर्षांपूर्वी याहून जास्त पडले होते. ही रक्कम लहान नाही. जाऊबाईंनी तीन वर्षं दुधाचे पैसे बाजूला टाकले. म्हणून तर वाटतं की इतके कष्टाचे पैसे काचेमागे बसून संपवू नयेत.

एवढ्यासाठी आपल्याला विनंती आहे. पुढच्या पुरवणीत ती चौकट दुरुस्त करा, आणि बस कंपन्यांच्या जाहिरातींशेजारी अशा पायवाटांचा एक नकाशा द्या. टप्प्यांचे किलोमीटर, चढ, मुक्काम आणि बसच्या जागा दाखवणारा. मी आमची वही पाठवायला तयार आहे. ज्यांना उंच डोंगर हवेत त्यांच्यासाठी उत्तरेला डोलोमाइट पर्वतात लागो दी ब्राइएस तळ्यापासून बेल्लूनोकडे जाणारी सुमारे १२० किलोमीटरची वाट आहे, समुद्र हवा असेल तर चिंक्वे तेर्रे या पाच गावांना जोडणाऱ्या वाटा आहेत. त्या मी चाललेले नाही, चाललेल्या कुणाकडून तरी लिहवून घ्या.

शेवटी आम्ही नेपल्सला गेलो, तेही जाऊबाईंच्या हट्टाने. त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत पाँपेई गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंचीची, भारतात घडवलेली. ती आता नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या, आणि अभ्यासक तिचं नातं त्यांच्याशी जोडतात. मंगळवारी ते संग्रहालय बंद असतं, आम्ही बुधवारी गेलो. काचेच्या पेटीत ती उभी होती, गळ्यात माळा, कमरेला साखळ्या, हातापायांत कडी, दोन बाजूंना दोन दासी.

मी जाऊबाईंना सांगितलं, त्याच काळात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. माल गाड्यांवर घालून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून न्यायचे.

जाऊबाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे समुद्राला लागायलाच हिला तीस मुक्काम पडले," त्या म्हणाल्या, आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूने तिची वेणी बघायला गेल्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, धाराशिव